लेणे म्हणजे आसरा : धर्मशब्दांच्या अभ्यासाची प्रस्तावना

भिवंडी तालुक्यातल्या लोनाड गावाजवळच्या टेकडीत एक लेणे कोरलेले आहे. मूळ काम बौद्धांचे, साधारण इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासचे. आत आज खंडेश्वरी देवीची पूजा होते. देवीला मानणारी माणसे या जागेला ‘खंडेश्वरीची लेणी’ म्हणतात. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ती ‘लोनाडची बौद्ध लेणी’ असतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर बुद्धाच्या वाटेने गेलेल्या घरांत ती ‘आपली लेणी’ असतात. नावाचा पहिला शब्द प्रत्येकाचा वेगळा, दुसरा मात्र सगळ्यांचा एकच. टेकडीतला देव बदलला, पूजा बदलली, तिथे जाणारी माणसे बदलली. ‘लेणे’ हा शब्द मात्र टिकून राहिला.

धर्मातले जुने शब्द कुठून आले, कोणत्या अर्थाने आले आणि वाटेत त्यांचे काय झाले, हे शोधणारी एक अभ्यासशाखा आहे. व्युत्पत्तिशास्त्र, शिलालेखविद्या, धर्मेतिहास आणि बोलींचा अभ्यास या चार वाटा तिथे एकत्र येतात. या शाखेत पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. त्याला संस्कृत येत नसेल, पाली येत नसेल, ब्राह्मी लिपीतले एक अक्षरही ओळखता येत नसेल, तरी हरकत नाही. ज्याला मराठी येते आणि एखाद्या शब्दाबद्दल मनापासून कुतूहल वाटते, त्याच्यासाठी हे दार उघडे आहे. लागणारी बाकीची सामग्री हळूहळू जमवता येते.

नुसत्या तत्त्वांनी अशी ओळख होत नाही. त्यासाठी एक शब्द हातात घ्यावा आणि तो शेवटपर्यंत सोडू नये. मी ‘लेणे’ निवडला आहे. तो भिवंडीजवळ उभा आहे, सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि आपल्याला त्याचा अर्थ ठाऊक आहे असे प्रत्येकाला वाटते. असेच शब्द आधी तपासायला घ्यावेत.

शब्दाची चौकशी करायची तर चार साक्षीदार बोलवावे लागतात. पहिला, शब्दाचे मूळ, म्हणजे धातू आणि ध्वनिबदल. दुसरा, धर्मग्रंथ. तिसरा, शिलालेख आणि ताम्रपट. चौथा, आजची बोली. एकाच साक्षीवर निकाल देऊ नये, हा या शाखेतला पहिला नियम. मूळ खरे असले तरी अर्थ पुढे सरकलेला असतो. ग्रंथ आदर्श सांगतो, व्यवहार सांगेलच असे नाही. शिलालेख व्यवहार सांगतो, पण त्याच्याकडे जागा थोडी असते. बोली जिवंत असते, पण तिची आठवण फार मागे जात नाही. चौघांचे म्हणणे जिथे जुळते तिथे पाय भक्कम रोवता येतो, आणि जिथे जुळत नाही तिथून नवा प्रश्न सुरू होतो.

चौथ्या साक्षीदारापासूनच सुरुवात करू, कारण तो सर्वांत जवळ आहे. मराठीत ‘लेणे’ म्हणजे दागिनाही होतो. सौभाग्यलेणे, लेणे-लुगडे, काजळ ल्याली, कुंकू ल्याली हे सगळे आपल्या कानांवरचे. म्हणून पुष्कळांना वाटते, डोंगराच्या अंगावर कोरलेला दागिना तो लेणे. शाळेच्या सहलींत, भाषणांत, पाट्यांवर ही व्युत्पत्ती आवडीने सांगितली जाते. ती ऐकायला सुंदर आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. दागिन्याचे लेणे हे एका क्रियापदाचे रूप आहे. लेतो, ल्याला, ल्यायलेली अशी त्याची रूपे चालतात, आणि ‘अंगावर घालणे, लावणे’ हा त्याचा अर्थ. डोंगरातल्या लेण्याचे असे क्रियापद नाही. ते पहिल्यापासून नाम आहे आणि त्याचा अर्थ राहण्याची जागा असा आहे. हा अर्थ दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत स्पष्ट दिसतो, तर सजावटीचा अर्थ त्या लेखांत कुठेच येत नाही. हे दोन शब्द वेगळ्या घरांतून आले आणि मराठीत येऊन सारखे दिसू लागले. असे जुळे शब्द प्रत्येक भाषेत असतात. नव्या अभ्यासकाने त्यांच्यापासून सावध राहावे, कारण चुकीची व्युत्पत्ती बहुतेक वेळा खऱ्या व्युत्पत्तीहून जास्त गोड असते.

आता मूळ. संस्कृतातला ‘ली’ हा धातू चिकटणे, टेकणे, दडणे, विसावणे अशा अर्थांचा आहे. लय, विलय, लीन, तल्लीन, निलय, आलय हे सगळे त्याच धातूचे. त्याच्यापासून ‘लयन’ म्हणजे टेकण्याची, विसावण्याची जागा. प्राकृतात मधला ‘अय’ आक्रसून ‘ए’ झाला. त्रयोदशाचे तेरा होताना पहिल्या अक्षरात नेमके हेच घडले आहे. दोन स्वरांमधल्या ‘न’चा ‘ण’ झाला, जसा मनुष्याचा माणूस होताना किंवा पानीयाचे पाणी होताना झाला. लयनाचे लेण झाले आणि मराठीने त्याला नपुंसकलिंगी प्रत्यय लावून लेणे केले. ध्वनिबदलाचे हे नियम एकेका शब्दासाठी बनवलेले नसतात. तोच बदल शेकडो शब्दांत दिसतो, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. व्युत्पत्ती सांगणाऱ्याला नेहमी विचारावे, असाच बदल झालेले आणखी दोन-चार शब्द दाखवा. दाखवता आले नाहीत तर ती व्युत्पत्ती बाजूला ठेवावी.

या नात्याने लेणे आणि देवालय ही चुलत भावंडे ठरतात, दोन्हींत ‘ली’ आहे. पण इथेच मूळ एकटे अपुरे पडते. पालीत ‘आलय’ म्हणजे घर तर होतेच, शिवाय आसक्तीही होते: मन जिथे चिकटून बसते ते. ‘आलय’ उपटून टाकणे हे बौद्ध साधनेचे ध्येय सांगितले आहे. त्याच धातूपासून आलेला ‘लेण’ मात्र साधकाने गाठायचा आसरा आहे. एकाच मुळाची दोन फळे. एक सोडायचे, दुसरे शोधायचे. धातू दोन्हीकडे ‘चिकटणे’ एवढेच सांगतो. कशाला चिकटावे आणि कशापासून सुटावे, हे धातूला माहीत नसते. ते वापरणाऱ्या माणसांनी ठरवलेले असते. धर्मशब्दाचा अर्थ त्याच्या धातूत बंद नसतो, तो माणसांच्या वापरात घडतो. या शाखेबद्दल मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः हेच.

ग्रंथांकडे वळू. पाली विनयपिटकातल्या चुल्लवग्गात राजगृहाच्या एका श्रेष्ठीची गोष्ट येते. भिक्षू तोपर्यंत रानात, झाडाखाली, डोंगरकपारीत, उघड्यावर राहत. सकाळी ते शांतपणे तिकडून येताना श्रेष्ठीने पाहिले आणि विचारले, मी निवास बांधून दिले तर तुम्ही राहाल का? बुद्धाने परवानगी दिली आणि पाच प्रकारची ‘लेणे’ मान्य केली: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले असे ती गोष्ट सांगते. आपल्या कामाची गोष्ट त्या यादीत आहे. गुहा हा लेण्याचा पाचांतला एक प्रकार आहे. लाकडाची, विटांची बांधलेली घरेही लेणीच. म्हणजे मुळात ‘लेणे’ हा खडकात कोरलेल्या वास्तूचा शब्द नव्हे, आसऱ्याचा शब्द आहे. लाकूड कुजले, विटा ढासळल्या आणि सह्याद्रीच्या काळ्या खडकात कोरलेला तेवढाच प्रकार टिकला. म्हणून मराठीत शब्दाचा अर्थ त्या एका प्रकारापुरता उरला. दगड टिकाऊ असल्यामुळे शब्दाचा अर्थ अरुंद व्हावा, हे भाषेच्या इतिहासातले फार बोलके उदाहरण आहे.

हा आसरा किती खोलवरचा मानला होता, ते संयुत्त निकायात कळते. तिथे ‘असंखत संयुत्त’ या भागात निर्वाणासाठी वापरायची अनेक नावे एकापाठोपाठ दिली आहेत. त्यांत ताण म्हणजे त्राण आहे, सरण म्हणजे शरण आहे, आणि त्यांच्या सोबतीला लेण आहे. पावसात डोक्यावर असावे ते छप्पर आणि दुःखातून कायमची सुटका, दोन्हींसाठी एकच शब्द. भिक्षू लेण्यात राहतो आणि ज्या अवस्थेसाठी राहतो तिलाही लेणेच म्हणतो.

हा शब्द एकट्या बौद्धांचा नाही. जैन आगमांपैकी स्थानांग सूत्रात पुण्याचे नऊ प्रकार सांगितले आहेत. अन्न देणे, पाणी देणे, वस्त्र देणे यांच्या बरोबरीने ‘लेण’ म्हणजे राहायला जागा देणे हेही एक पुण्य आहे. हे नऊ प्रकार जैन घरांतून आजही शिकवले जातात. ओडिशात उदयगिरीवर खारवेल राजाच्या पट्टराणीने जैन श्रमणांसाठी ‘लेण’ करवल्याचा लेख आहे. श्रीलंकेत तर खडकातल्या आसऱ्यांवर हजाराहून अधिक छोटे ब्राह्मी लेख सापडले आहेत. अमक्याचे लेणे, संघाला दिलेले, असे त्यांतल्या पुष्कळांचे स्वरूप आहे. सिंहलीत गुहेला आजही ‘लेन’ म्हणतात. लोनाडचा शेतकरी आणि सिंहली शेतकरी एकमेकांचे एक वाक्यही समजू शकणार नाहीत, पण हा एक शब्द दोघांचा आहे.

तिसरा साक्षीदार म्हणजे शिलालेख, आणि महाराष्ट्राइतका तो उदारपणे फार थोड्या ठिकाणी बोलतो. मावळातल्या पाले येथील लेण्यात एक छोटा ब्राह्मी लेख आहे. अर्हतांना नमस्कार करून, इंदरखित नावाच्या भदंताने ‘लेण’ आणि ‘पोढी’ करवली असे तो सांगतो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. हा लेख इसवी सनापूर्वीचा आणि जैन परंपरेचा मानला जातो. नाशिकच्या पांडवलेण्यांत १९ व्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह याच्या काळात एका महामात्राने ‘लेण’ करवल्याचा उल्लेख आहे. जुन्नरच्या लेखांत ‘सतगभ’ म्हणजे सात खोल्यांचे लेणे आणि त्याच्या जोडीला पोढी दान दिलेली दिसते. कार्ल्याचे प्रचंड चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पुरे केले, पण त्याच्या लेखात शब्द आहे ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह. लेण, सेलघर, चेतियघर, पोढी असे वेगवेगळे शब्द त्या कारागिरांकडे आणि दात्यांकडे होते आणि ते ते जपून वापरत. राहण्याची जागा ती लेण, पूजेची जागा ती चेतियघर. आज आपण सगळ्यालाच लेणी म्हणतो.

या लेखांच्या शेवटी बहुधा एक शब्द येतो: ‘देयधम’, म्हणजे देण्याचा धर्म, दान. देणारे कोण होते ते पाहावे. कुड्याच्या लेण्यांत वैद्य आहे, माळी आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणची माणसे वारंवार भेटतात, त्यांत पाण्याचे टाके देणारा सोनार आहे. हे कल्याणकर तर आपल्याच खाडीकाठचे शेजारी. राजे-राण्या आहेतच, पण लेणे हा शब्द खडकात कोरवून घेणाऱ्यांत आपल्या धंद्यावर जगणारी साधी माणसेही होती.

आता एक लेख जवळ जाऊन वाचू. नाशिकचे १० व्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरवले. तिथल्या ‘वर्ष ४२’ असा काळ दिलेल्या लेखात लेणे चारही दिशांच्या संघाला अर्पण केल्याचे सांगून पुढे हिशेब दिला आहे. ३००० कार्षापण नाण्यांची ‘अखयनिवी’, म्हणजे कधी न मोडायची ठेव. त्यांतले २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक मंडळाकडे, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने. उरलेले १००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी. हिशेब करून पाहावा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा, २४०. पैसा इकडचा तिकडे होत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण ‘कुशणमूल’ या खात्याला जातात, आणि त्या शब्दाच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. नव्याने येणाऱ्यांसाठी तिथे काम शिल्लक आहे.

या लेखातले काही शब्द मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. ‘वीसाय’ म्हणजे वीस, ‘बारसक’ म्हणजे बारा, ‘पायून’ म्हणजे पाऊण, ‘वढी’ म्हणजे वाढ, अर्थात व्याज. प्राकृत ही परकी भाषा वाटण्याचे कारण नाही हे अशा वेळी कळते. आपलीच आजी तरुणपणी कशी बोलत असेल, तेवढाच तो फरक आहे.

ग्रंथाची आणि दगडाची साक्ष इथे जुळते, आणि ती नुसत्या ‘लेण’ या शब्दात जुळत नाही. चुल्लवग्गातला श्रेष्ठी आपले विहार, आलेल्या आणि न आलेल्या, चारही दिशांच्या संघाला देतो. नाशिकचा लेखही चारही दिशांच्या संघालाच देतो. म्हणजे आसरा अमक्या एका साधूच्या मालकीचा होत नाही. जो आला आहे त्याचा, जो अजून यायचा आहे त्याचाही. लेणे या शब्दाला धर्मशब्द म्हणायचे ते यासाठी. त्याच्या अर्थात पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाची जागा आधीच धरलेली आहे.

वर्षावासाचा उल्लेखही कोकणातल्या वाचकाने नीट मनात धरावा. पावसाळ्यात भिक्षूंनी हिंडायचे नाही, एका जागी राहायचे, हा नियम. उत्तर कोकणात चार महिने जो पाऊस कोसळतो तो ज्याने अनुभवला आहे त्याला ‘आसरा’ हा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही. खडकात उतरत्या पन्हळी खोदून पाणी टाक्यात घ्यायचे, आतली खोली कोरडी ठेवायची, हे या लेण्यांमागचे गणित आहे. लेण आणि पोढी या शब्दांची जोडी लेखांत पुन्हा पुन्हा का येते, त्याचे उत्तर तिथे आहे: डोक्यावर छप्पर आणि प्यायला पाणी.

लोनाडला परत येऊ. तिथल्या ओवरीत दगडी शिल्पांचा एक पट्टा आहे. राजदरबार, हत्ती, माणसांचे घोळके त्यात दिसतात. अभ्यासकांनी तो वेस्संतर जातकाशी जोडला आहे. वेस्संतर म्हणजे मागणाऱ्याला सर्वस्व देणारा राजपुत्र. राज्याचा मंगल हत्ती दिला म्हणून तो हद्दपार झाला आणि शेवटी मुले व पत्नीही देऊन बसला. ‘देयधम’ या शब्दात मावलेले सगळे तिथे चित्रांत मांडलेले आहे. त्याच लेण्यात पुढे खंडेश्वरी आली. जुन्नरजवळ लेण्याद्रीला विहारात गणपती आला आणि ते अष्टविनायकांतले एक स्थान झाले. तिथे तर डोंगराच्या नावातच लेणे आहे. कार्ल्याला चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरा आहे. भिवंडीच्या आगरी-कोळी घरांतून दरवर्षी माणसे तिच्या दर्शनाला जातात. या तिन्ही ठिकाणी देवता वेगळी असली तरी जागेला ‘लेणी’ म्हणणे थांबलेले नाही.

इथे एक सावधगिरी. लोनाड हे गावाचे नाव ‘लेणे’वरून आले असेल असे नव्या माणसाला हमखास वाटते. ताम्रपट तसे सांगत नाही. शिलाहार राजा अपराजित याचा शके ९१९ चा, म्हणजे इसवी सन ९९७ चा ताम्रपट भिवंडी तालुक्यातल्या भादाणे गावाशी निगडित आहे. ते गाव राजाने लोणादित्य या सूर्यदेवाच्या पूजेसाठी दान दिले. देवाचे स्थान जिथे सांगितले आहे, त्या गावाच्या नावात ‘लवण’ म्हणजे मीठ हा शब्द उघड दिसतो. तेच आजचे लोनाड. खाडीच्या मुलखात मिठावरून नाव पडावे यात नवल नाही. लोनाड आणि लेणी शेजारी नांदतात, पण त्यांचे गोत्र वेगळे. शब्द जवळजवळ राहतात म्हणून ते एकाच घरातले होत नाहीत.

भिवंडीत या अभ्यासाला बसणाऱ्याने आणखी एक शब्द जवळ घ्यावा, आणि तो म्हणजे ‘मोमिन’. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून मुस्लिम विणकर कुटुंबे भिवंडीत येऊन राहिली. हातमागावर, पुढे यंत्रमागावर त्यांनी हे शहर उभे केले. मोमिन ही त्यांची ओळख झाली. शब्दाचा अर्थ श्रद्धावान, ईमान बाळगणारा. त्याचे अरबी मूळ अ-म-न या तीन व्यंजनांचे आहे आणि त्याचा गाभा आहे निर्धास्तपणा, सुरक्षितता. अमन म्हणजे शांतता, अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, ईमान म्हणजे श्रद्धा, सगळे त्याच मुळाचे. कुराणात अल्लाहच्या नावांमध्येही ‘अल्-मुमिन’ हे नाव येते आणि तिथे ते अभय देणारा, सुरक्षित ठेवणारा या अर्थाने समजावले जाते. मराठीने यांतले इमान, अमानत हे शब्द केव्हाच आपलेसे केले आहेत. इमानदार माणूस कोणत्याही धर्माचा असू शकतो.

लेणे आणि मोमिन यांचे भाषिक नाते काही नाही. एक आर्यभाषांतला, दुसरा सेमिटिक भाषांतला. त्यांना ओढून-ताणून एका मुळाला बांधणे हे या शाखेत मोठे पाप आहे. पण दोन अनोळखी भाषा, दोन वेगळे धर्म आणि दोन वेगळे काळ यांनी श्रद्धेची गोष्ट सांगताना माणसाच्या एकाच गरजेला हात घातला: निर्धास्तपणे टेकता येईल अशी जागा. नाते शब्दांचे नाही, अनुभवाचे आहे. तुलना करताना ही रेघ पक्की आखून ठेवली की तुलना बिनधास्त करता येते. उषवदाताच्या लेण्याची ठेव विणकरांच्या श्रेणींकडे अमानत म्हणून होती, आणि भिवंडीत विणकरांनी स्वतःला मोमिन म्हणवून घेतले. या दोन गोष्टींत सतराशे वर्षांहून अधिक अंतर आहे आणि त्यांच्यात इतिहासाचा धागा नाही. तरी दोन्ही शेजारी ठेवल्या की विश्वासाचा व्यवहार म्हणजे काय, ते अधिक स्पष्ट होते.

ही शाखा शिकणाऱ्यावर एक जबाबदारी येते. शब्दाचे मूळ सापडले की त्याच्या जोरावर जागेचा वाद निकाली काढावा असा मोह होतो. मूळ आमचे, म्हणून जागा आमची. किंवा आज पूजा आमची, म्हणून मूळ काही असो. दोन्हीकडून शब्दाला साक्षीला ओढले जाते. लेणी मूळची कोणाची हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर लपवू नये. लोनाडचे लेणे बौद्धांनी कोरले हे स्पष्ट सांगितले पाहिजे, मुलांना शिकवले पाहिजे आणि ते शिल्प जपले पाहिजे. त्याच वेळी, तिथे पिढ्यान्पिढ्या नवस बोलणाऱ्या बाईची श्रद्धा खोटी ठरवण्याचा अधिकार व्युत्पत्तीला नाही. अभ्यासकाने पुरावा पूर्ण मांडावा आणि माणसांशी अदबीने वागावे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आलेल्या आणि न आलेल्या सर्वांसाठी दिलेली जागा हा ज्या शब्दाचा जुना अर्थ, त्याचा अभ्यास करणाऱ्याने तरी हे विसरू नये.

सुरुवात कशी करावी? साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. पाली त्रिपिटक नागरी लिपीत छापलेले मिळते. शिलाहारांचे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी एका ग्रंथात संपादित केले आहेत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये लोनाड आणि परिसराची जुनी वर्णने आहेत. ब्राह्मी लिपीची मूळाक्षरे रोज थोडा वेळ दिला तर काही आठवड्यांत हाताला बसतात. ‘ल’, ‘ण’ आणि एकाराची मात्रा ओळखता आली की पहिला शब्द वाचता येतो, आणि तो शब्द बहुधा लेण हाच असतो.

पुस्तकांच्या जोडीला कान उघडे ठेवावेत. लोनाडला, वज्रेश्वरीला, शहरातल्या दर्ग्यांत, जुन्या आगरी पाड्यांत जावे आणि वयस्क माणसांना विचारावे: या जागेला तुमच्या लहानपणी काय म्हणत? त्यांचा शब्द जसाच्या तसा, उच्चारासकट, तारीख-वार घालून लिहून घ्यावा. तो सुधारून शुद्ध करू नये. एकवचनी ‘लेणे’ सोडून बरेचजण ‘ही लेणी’ आणि अनेकवचनी ‘लेण्या’ म्हणतात. ती चूक म्हणून खोडू नये, भाषेचा पुढचा टप्पा म्हणून टिपावी. मग तो शब्द ग्रंथात शोधावा, लेखात शोधावा, त्याचे ध्वनिबदल तपासावेत आणि चारही साक्षी एका पानावर शेजारीशेजारी मांडाव्यात. पीर, दर्गा, जत्रा, देऊळ, गधेगाळ, उरूस, विहार असे कितीतरी शब्द भिवंडीच्या परिसरात अशा चौकशीची वाट पाहत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर इथल्या माणसाने इथे बसून लिहिलेले फार थोडे आहे.

वाचकाने यांतला एक शब्द आजच निवडावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. त्याच्याखाली आपल्याला आज वाटणारा अर्थ लिहावा. पुढच्या पानांवर पुरावे जमू लागले की तो अर्थ बदलेल, रुंदावेल, कधी पूर्ण उलटा होईल. तो बदल नोंदवत जाणे हाच या शाखेतला अभ्यास आहे, आणि त्यात आपले मनापासून स्वागत आहे.